नवनीतचा पिक्चर

तापीकाठच्या प्रकाशा गावाहून नंदुरबारला यायचं, एक पिक्चर बघायचा आणि दिवेलागणीच्या आत परत जायचं. एवढ्याशा कामासाठी भटजींचा सल्ला, क्रूझर गाडी, फ्लेक्स, लेखी अर्ज आणि टॉकीजमध्ये हातघाईवर येण्याची वेळ का यावी, असं मला कोणी विचारलं तर माझ्याकडे उत्तर नाही. मी जिल्हा परिषदेत वरिष्ठ सहायक आहे. साधी गोष्ट अवघड कशी होते हे मी रोज बघतो, कधी कधी त्याला हातभारही लावतो. पण ते कचेरीत. घरच्या कामात माझ्यावर तशी पाळी येईल असं मला वाटलं नव्हतं.

सुरुवात एका फोनने झाली. फोन दामिनी नावाच्या मुलीचा होता. हैदराबादच्या ज्या कंपनीत माझा पुतण्या नवनीत कामाला होता, तिथे ही त्याच्या शेजारच्या टेबलावर बसायची. मूळची भुसावळची.

"काका, शुक्रवारी पिक्चर लागतोय," ती म्हणाली. "नवनीतने शेवटी ज्याच्यावर काम केलं ना, तो. शेवटी नावं येतात, त्यात त्याचंही असणार. त्याच्या आईवडिलांना सांगाल?"

नवनीत गेल्या श्रावणात वारला. डेंग्यूचा ताप होता. त्याने तो अंगावर काढला, कारण पिक्चरची तारीख जवळ आली होती आणि काम संपत नव्हतं. तो गेल्यावर पिक्चरची तारीख दिवाळीवर गेली, दिवाळीची संक्रांतीवर गेली. पिक्चरला थांबता आलं. नवनीतला आलं नाही.

मी रविवारी प्रकाशाला गेलो. माझे थोरले बंधू भिलाआप्पा ओट्यावर बसले होते. केळीच्या बागेतून आले होते, पायाला माती होती. वहिनी, म्हणजे कौसाबाई, आत होत्या. श्रावणापासून त्यांनी घराचा उंबरा ओलांडला नव्हता. तापीवर नाही, देवळात नाही, लग्नाकार्यात तर नाहीच. मी ओट्यावर हळू आवाजात आप्पांना सांगितलं, तर आतून आवाज आला.

"भाऊ, माले तो पिक्चर देखना शे."

आप्पा म्हणाले, "काय देखशी तठे? पोऱ्या थोडाच दिसी?"

"नाव दिसी ना."

"तुले वाचता येस का?"

"हेमकांतभाऊले येस ना," वहिनी म्हणाल्या आणि दारात येऊन उभ्या राहिल्या. इतक्या महिन्यांत त्यांनी काही मागितलेलं ते पहिलंच. मी त्याच क्षणी हो म्हणालो. कचेरीत मी कशालाही लगेच हो म्हणत नाही.

इथे एक सांगायला हवं. नवनीत कंपनीत नेमकं काय करतो, हे आम्हाला कधीच कळलं नव्हतं. पिक्चरमध्ये कम्प्युटरवर डोंगर, आगी, राक्षस काढतात, त्यातलं काहीतरी, एवढंच. आप्पांनी एकदा फोनवर विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, "क्लीनअप करतो, आप्पा." आप्पांनी त्याचा अर्थ मला विचारला. मी म्हणालो, साफसफाई. आप्पा दोन दिवस जेवले नाहीत. "सायन्सले टाकं त्याले, आनि पोऱ्या आठून हैदराबादले जाईसन झाडू मारस?" तेव्हापासून गावात कोणी विचारलं की ते सांगत, "इंजिनिअर शे." आणि नवनीतला पुन्हा त्यांनी कामाबद्दल काही विचारलं नाही.

तर चौघांनी जायचं असं ठरलं. आप्पा, वहिनी, मी आणि माझी बायको शीला. गोष्ट इथेच राहिली असती, तर मी ही लिहायला बसलो नसतो.

पहिला प्रश्न गावातून आला. मुलाला जाऊन वर्ष झालेलं नाही, आणि आईबाप पिक्चरला? लोक तोंडावर बोलले नाहीत, पण ज्या आवाजात बोलले तो ओट्यापर्यंत येत होता. मी भटजींकडे गेलो. त्यांनी डोळे मिटून बराच विचार केला आणि विचारलं, "पिक्चर धार्मिक आहे काय?" मी म्हणालो, ट्रेलरमध्ये एक महादेवाची पिंड दिसते, तिच्यावर वीज पडते. "मग हरकत नाही," भटजी म्हणाले, "पण आधी केदारेश्वराचं दर्शन घेऊन निघा." नंदुरबारचे माझे शेजारी उदेसिंग गिरासे, पाटबंधाऱ्यातून निवृत्त झालेले, यांनी तर निर्णयच दिला. "हेमकांतराव, मनोरंजनाला बंदी आहे. हे मनोरंजन नाही. मुलाचं काम बघायला आईबाप जातायत." उदेसिंगराव फुकट सल्ला देतात म्हणून लोक हसतात, पण हा सल्ला मला आजही बरोबर वाटतो.

त्यांचे बाकीचे सल्ले मात्र महागात पडले.

त्यातला पहिला असा की वहिनींना एस.टी.ने आणू नका, गाडी करा. गाडी म्हटल्यावर सुपडूमामा आले. हे वहिनींचे धाकटे भाऊ. तळोद्याहून वर सातपुड्यातल्या पाड्यांवर त्यांची क्रूझर चालते. मामा माणूस सोन्यासारखा, पण त्यांच्या गाडीला एक खोड आहे. ती भरल्याशिवाय हलत नाही. पंधरा वर्षांची सवय. चौघांना घेऊन निघायचं हे मामांच्या मनाला पटेना, तसं करणं त्यांना गाडीचा अपमान वाटला. त्यांनी दोन मावशा घेतल्या, मावशांनी सुना घेतल्या, सुनांनी पोरं घेतली, आणि नवनीतच्या शाळेचे तीन मास्तर टपावर बसायलाही तयार झाले. तिकिटं चौघांची काढली होती. ती मी वाढवत गेलो.

मग फ्लेक्स. ही कल्पना कोणाची, हे अजून कोणी कबूल केलेलं नाही. गावातल्या पोरांनी एस.टी. स्टँडवर फ्लेक्स लावायचा ठरवला. 'प्रकाशाचे सुपुत्र नवनीत भिला पाटील यांनी काम केलेला भव्य चित्रपट.' फ्लेक्सवाल्याकडे नवनीतचा फोटो आधीच होता. दशक्रियेच्या वेळी त्यानेच बोर्ड केला होता. त्याने मजकूर बदलला. फोटोभोवतीची फुलं आणि खालची समई मात्र तशीच राहिली. वर हिरो तलवार घेऊन उडी मारतोय, खाली समई तेवतेय, आणि मध्ये माझा पुतण्या हसतोय. स्टँडवर उतरणाऱ्यांना कळेना की अभिनंदन करायचं की भेटायला जायचं. काही जण भेटायला आलेसुद्धा. मी तो फ्लेक्स उतरवायला निघालो, तर आप्पा त्याच्यासमोर उभे.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "फोटो चांगला उना शे."

उदेसिंगरावांचा दुसरा सल्ला खरा महत्त्वाचा होता. ते म्हणाले, "हेमकांतराव, शेवटची नावं टॉकीजवाले दाखवतच नाहीत. पिक्चर संपला की दिवे लावतात आणि पडदा बंद." मी कधी शेवटपर्यंत बसलो नव्हतो, त्यामुळे मला हे माहीत नव्हतं. मी तडक टॉकीजवर गेलो. मॅनेजर प्रेमचंदभाई काउंटरच्या मागे बसून हिशोब करत होते.

"नावं?" ते म्हणाले. "भाऊ, नावं कोण बघतं? त्या वेळात माझा माणूस झाडू मारतो. पुढचा शो असतो."

मी सगळं सांगितलं. प्रेमचंदभाईंचा चेहरा बदलला, पण धंदेवाला माणूस चेहऱ्यावर चालत नाही. "मालक सुरतेला असतात. तुम्ही असं करा, लेखी द्या. म्हणजे माझ्याकडे काहीतरी राहील."

लेखी द्या! हे वाक्य मी आयुष्यात किती लोकांना ऐकवलं असेल. समोरचा माणूस ते ऐकून कसा उभा राहतो, हे मला आतून पहिल्यांदाच कळलं. तिथेच काउंटरवर उभं राहून मी अर्ज लिहिला. विषय: चित्रपटाच्या शेवटी येणारी नावे पूर्ण दाखवणेबाबत. 'अर्जदाराचा पुतण्या कै. नवनीत' असं लिहिताना 'कै.' मी खोडलं, मग पुन्हा लिहिलं. सवयीने मी पोच मागितली. प्रेमचंदभाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि पॉपकॉर्नच्या कूपनावर टॉकीजचा शिक्का मारून दिला. ते कूपन मी पाकिटात नीट घडी करून ठेवलं. पुढच्या साहेबांनी मागितलं असतं तर दाखवता आलं असतं.

शुक्रवारी दुपारच्या बाराच्या शोला क्रूझर टॉकीजसमोर उभी राहिली. उदेसिंगराव आधीच दारात येऊन थांबले होते. मिरचीचा हंगाम, सगळ्या गावात तिचा खाट, नाकात झोंबणारा ठसका, उठलेला, त्यामुळे उतरणारा प्रत्येक जण शिंकत उतरला. वहिनी सगळ्यांच्या शेवटी उतरल्या. नवं लुगडं नाही, पण धुतलेलं, घडीचं. डोक्यावरचा पदर दोन्ही हातांनी धरला होता. समोर हिरोचं मोठं पोस्टर होतं, त्याच्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. त्या जमिनीकडे बघत आत शिरल्या.

दारात प्रत्येकाला काळा चष्मा मिळाला. पिक्चर थ्रीडी होता. वहिनींना आधीच मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा चष्मा, त्यावर हा दुसरा. शीलाने त्यांच्या पदराखालून दोन्ही बसवून दिले. सुपडूमामांनी चष्मा लावून आधी आपल्याच हाताकडे पाहिलं आणि म्हणाले, "काही फरक नही." आप्पांनी तो खिशात ठेवला होता. मी सांगितलं तेव्हा लावला, आणि अंधार व्हायच्या आधीच ताठ बसून पडद्याकडे बघायला लागले. बाग राखायला बसल्यासारखे.

पिक्चर सुरू झाला आणि टॉकीज उठली. आजकालच्या पिक्चरला लोक बसून बघत नाहीत हे मला ठाऊक नव्हतं. हिरो डोंगराच्या कड्यावरून उडी मारतो तेव्हा अर्धे लोक खुर्च्यांवर उभे. शिट्ट्या, कागदाचे कपटे, मोबाइलच्या बॅटऱ्या. सोनेरी साप पडद्यातून बाहेर आल्यासारखा अंगावर आला तेव्हा आमच्या एका मावशीने पुढच्या माणसाच्या गळ्याला मिठी मारली. तो माणूस अनोळखी होता. त्यानेही तिला मिठी मारली.

या सगळ्या गोंधळात वहिनी दर दोन मिनिटांनी माझ्याकडे वळत होत्या.

"भाऊ, हाई मन्हा नवनीतनं शे का?"

साप आला, विचारलं. डोंगर फुटला, विचारलं. आभाळातून जहाज उतरलं, तेव्हाही विचारलं. मला काय माहीत? मी म्हणत होतो, "व्हई, वहिनी. असंच काहीतरी व्हई." मग त्या जहाजाकडे अशा बघायच्या की जणू ते परत निघून जाण्याआधी पूर्ण बघून घ्यायला हवं.

आमच्या मागच्या रांगेत कॉलेजची चार पोरं बसली होती. ती पारखी होती. प्रत्येक दृश्याला त्यांचा निकाल तयार.

"बेक्कार व्हीएफएक्स."

"मोबाइलना गेम वाटी ऱ्हायना."

"इतला पैसा कोठे गया रे भो?"

पडद्यावर एक मोठं शहर पेटलं. आग इतकी मोठी, की सगळ्यांची तोंडं लाल झाली. मागचा एक जण हसला. "आग देख, शेंदूर फासेलसारखी!"

सुपडूमामा उठले. मला वाटलं पाणी प्यायला. ते मागे वळले आणि त्या पोराची कॉलर धरली.

"ती आग मन्हा भाच्यानी बनाडेल शे! कोनले हासस तू?"

पोरगा घाबरला, पण मित्रांसमोर मागे कसा हटणार. "मंग तुन्हा भाच्याले सांग, आग बराबर लागनी नही."

मामांचा हात वर गेला होता. तो तसाच राहिला. "भाच्याले सांगाले," मामा म्हणाले, "सांगाले आते कोठे जाऊ मी?"

आणि एवढा दांडगा माणूस, सातपुड्याच्या घाटात भरलेली गाडी उलटी आणणारा, तो खुर्चीत बसला आणि डोक्यावरचा रुमाल तोंडात कोंबून रडायला लागला. पडद्यावर शहर जळतच होतं. मध्यंतरात त्यांच्यातल्या एकाने पॉपकॉर्नचा डबा मामांच्या मांडीवर आणून ठेवला आणि निघून गेला. मामांनी तो खाल्ला. दुःख झालं की त्यांना भूक लागते.

मी मध्यंतरात बाहेर येऊन दामिनीला फोन लावला. म्हटलं, बाई, वहिनी दर वेळी विचारतायत, मी किती वेळा 'असेल' म्हणू? नेमकं त्याचं कोणतं आहे ते तरी सांग.

ती म्हणाली, "काका, ते साप, आग, शहर आमचं नाही. ते मोठ्या कंपन्यांचं. आम्ही दोर काढतो."

"कसले दोर?"

"हिरो उडतो ना, तेव्हा त्याला दोर बांधलेले असतात. तारा असतात, क्रेन असते, पकडायला माणसं उभी असतात. ते सगळं एकेका चित्रातून पुसायचं, आणि मागे जे असेल ते, म्हणजे आभाळ, पाणी, झाड, ते परत भरायचं. बघणाऱ्याला कळलं तर आमचं काम चुकलं. नाही कळलं तर बरोबर." मग ती म्हणाली, "मध्यंतरानंतर एक नदीचा सीन आहे. हिरो म्हातारीला खांद्यावर घेऊन पुरातून जातो. फार दोर होते त्यात, आणि पाण्यावरचे पुसणं सगळ्यात वाईट, पाणी हलतं ना. तो पूर्ण सीन नवनीतने एकट्याने केला. ताप होता तेव्हा. दवाखान्यात जायच्या आधी पाठवला. त्यात एकही दुरुस्ती निघाली नाही, काका. असं आमच्याकडे होत नाही."

समोशाच्या काउंटरजवळ आप्पा आणि वहिनी उभे होते. मी त्यांना जसं ऐकलं तसं सांगितलं, अहिराणीत, सावकाश. वहिनींना सगळं कळलं की नाही ठाऊक नाही. त्यांनी एकच विचारलं, "नदी ना? नदीनं त्यानं शे?" मी म्हणालो, हो.

आप्पांच्या हातात समोसा होता. तो तसाच धरून ते म्हणाले, "म्हंजे साफसफाईच."

"हां आप्पा. साफसफाईच."

घंटा वाजली तेव्हा त्यांनी समोसा कागदात गुंडाळून खिशात ठेवला आणि आत चालायला लागले.

नदीचा सीन आला. मी वहिनींना कोपराने खुणावलं. साधा सीन होता. ढोल नाहीत, साप नाही. गढूळ पाणी, पाऊस, आणि एक माणूस म्हातारीला खांद्यावर घेऊन पाय रोवत चाललेला. पाणी त्याच्या छातीपर्यंत. लोकांना यात काही नव्हतं. कोणी मोबाइल बघत होतं, कोणी लघवीला उठलं. शिट्टी नाही, टाळी नाही. तेवढ्यात मागून, कॉलर सुटलेल्या पोराच्या शेजारचा कोणीतरी म्हणाला, "दोर बांधेल व्हई रे त्याले. नही ते कवयच वाही जाता."

आप्पा उभे राहिले. काळा चष्मा लावलेला, पाठ पडद्याकडे, तोंड मागे.

"कोठे शे दोर? दखाड माले."

"काका, बठा ना!" लोक ओरडायला लागले.

"दखाड. कोठे शे?"

"दिसत नही, काका," पोरगा म्हणाला. "पन असस ना."

"असस ते माले बी मालूम शे. तुले दिसस का?"

"नही."

"नीट देख. कोपराले देख."

पोराने खरंच मान तिरकी करून पडद्याकडे पाहिलं. "नही दिसत, काका."

"मंग झायं," आप्पा म्हणाले आणि बसले.

एव्हाना पडद्यावर नदी संपली होती. हिरो सिंहासनासमोर उभा होता. आणि मला कळलं, की एवढ्या वादात आप्पांची सगळा वेळ पडद्याकडे पाठ होती, आणि वहिनी त्यांचा सदरा ओढून त्यांना खाली बसवत होत्या. ज्या दोघांनी तो सीन बघायचा होता, त्या दोघांनीच तो पाहिला नव्हता.

पिक्चर संपला. लोक उठले, दारं उघडली. मी पाकिटातलं कूपन काढून हातात धरलं, पण त्याची गरज पडली नाही. प्रेमचंदभाई स्वतः आत आले होते. झाडूवाल्याला त्यांनी दारातच थांबवलं आणि ओरडले, "नावं बंद करू नको रे! राहू दे!" आमची क्रूझरभर माणसं उभी राहून पडद्याकडे बघत होती. मास्तर लोक टाचा उंचावून.

नावं इंग्रजीत होती, मुंगीएवढी, आणि धावत होती. मी पुढे जाऊन पडद्याच्या अगदी जवळ उभा राहिलो आणि वाचत गेलो. स्वयंपाक्यांची नावं आली, घोडे सांभाळणाऱ्यांची आली, गाड्या चालवणाऱ्यांची आली. नवनीतच्या कंपनीचं नाव आलं तेव्हा माझ्या तोंडातून "आलं!" असं निघून गेलं. मागचे सगळे पुढे सरकले. त्या कंपनीखाली पुष्कळ नावं होती. मी प्रत्येक वाचलं. मग दुसरी कंपनी सुरू झाली. मग गाणी. मग आभार. मग पडदा पांढरा.

"उनं का, भाऊ?" वहिनींनी विचारलं.

मी म्हणालो, फार वेगाने गेलं, मी दामिनीला विचारून येतो. बाहेर बाल्कनीच्या जिन्यात जाऊन फोन केला. तिचाही हैदराबादचा शो नुकताच सुटला होता. ती रडत होती. "नावं पाठवली तेव्हा जे कामावर होते, त्यांचीच गेली, काका. मला माहीत नव्हतं. मी आत्ताच कंपनीत फोन करून भांडले. आता बदलता येत नाही म्हणतात."

उदेसिंगराव माझ्या मागोमाग जिन्यात आले होते. त्यांनी ऐकलं आणि हळूच म्हणाले, "आलं म्हणून सांगा. वहिनींना कुठे वाचता येतं? आप्पांना इंग्रजी येत नाही. कोणाचं नुकसान आहे?" त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मीही तेच ठरवून जिना उतरलो. खाली आप्पा उभे होते. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मला ते जमलं नाही.

"नाव नही उनं, आप्पा."

आप्पांनी मान हलवली. वहिनी खाली बघत होत्या. पायरीवर कोणीतरी टाकलेला एक काळा चष्मा होता, तो त्यांनी उचलला, पदराने पुसला, आणि दारातल्या माणसाच्या हातात दिला. मग त्या म्हणाल्या, "ते जाऊ द्या. पन नदी मी देखीच नही. ह्या उभा राही ग्यात." आणि नवऱ्याकडे बोट दाखवलं.

सुपडूमामांना संध्याकाळची खेप होती, पाड्यांवरची माणसं तळोद्याला वाट बघत असणार. गाडी भरून निघून गेली. शीला त्याच गाडीने प्रकाशाला गेली, आप्पांचं घर उघडायला. उदेसिंगराव मिरचीच्या वासाने शिंकत घरी गेले. आम्ही तिघे तीनच्या शोला परत आत शिरलो. आप्पांनी रांगेत उभं राहून तिकिटं स्वतः काढली. प्रेमचंदभाई नको म्हणत होते, ते त्यांनी ऐकलं नाही.

या वेळी आम्ही पहिला अर्धा पिक्चर नुसता बसून काढला. साप आला, वहिनींनी विचारलं नाही. शहर पेटलं, त्यांनी डोळे मिटून घेतले. टॉकीज मात्र तशीच उठत होती, तशाच शिट्ट्या, तेच कपटे.

मग नदी आली. वहिनी पुढे सरकल्या. गढूळ पाणी होतं, पाऊस होता, आणि तो माणूस म्हातारीला घेऊन पाऊल पाऊल चालला होता. मी आयुष्यात एवढं डोळे फाडून काही पाहिलं नसेल. एकही दोर नव्हता. तार नव्हती. पाण्यावर कुठे रेघसुद्धा नव्हती. वहिनी पुटपुटत होत्या, "सांबाय रे, सांबाय," आणि हे सांभाळायचं त्या हिरोला सांगत होत्या की आणखी कोणाला, ते मी विचारलं नाही. आजूबाजूला लोक जांभया देत होते.

तो माणूस काठाला लागला. आप्पांनी दोन बोटं तोंडात घातली. नुसती हवा निघाली. पुन्हा घातली, पुन्हा हवा. तेव्हा त्यांनी तोंडातली कवळी काढली आणि माझ्या हातात दिली. जिल्हा परिषदेचा वरिष्ठ सहायक, भर टॉकीजमध्ये, थोरल्या भावाचे दात तळहातावर घेऊन बसला होता. आणि आप्पांनी शिट्टी मारली. अशी, की प्रेमचंदभाई दारातून आत धावले.

सगळे वळून बघायला लागले. पुढच्या रांगेतल्या एकाने विचारलं, "काय व्हयनं, बाबा? काय उनं?"

"मन्हा पोऱ्यानं काम उनं व्हतं," आप्पा बोळक्या तोंडाने म्हणाले.

त्याला ते कळलं नसावं. पण कोपऱ्यातून कोणीतरी, कशाला ते माहीत नसताना, एक शिट्टी मारली. मग दुसरी आली. मग सगळी टॉकीज सुरू झाली, पोरं खुर्च्यांवर उभी राहिली, कपटे उडायला लागले. पडद्यावर तेव्हा काठावर बसून म्हातारी नुसती आपलं लुगडं पिळत होती.